मरता मरेना एक टक्का

"सासूबाई, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत तुमचा फोन खरं बोलायला लागेल. नाही लागला तर नेरेओ हे नाव बदलून घेईन!"

ही घोषणा झाली तेव्हा नेरेओच्या एका हातात सासूबाईंचा फोन होता आणि दुसऱ्या हातात तळलेल्या सालामीचा तुकडा. आत्मविश्वास दोन्ही हातांत सारखाच! त्याच्या बायकोने, युदेल्काने, उकडलेली केळी घोटता घोटता मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. नेरेओच्या दुरुस्त्या तिला पाठ होत्या. त्याने पंखा दुरुस्त केल्यापासून तो वारा द्यायच्या ऐवजी घेत होता. मिक्सर दुरुस्त केल्यापासून फ्रीजचं दार उघडलं की आपोआप गरगरायला लागायचा. पाहुण्यांना थंड पाणी द्यायचं म्हणजे आधी सगळ्यांना कानात बोटं घालायला सांगावं लागे.

तसा नेरेओ काही मेकॅनिक नव्हे. आमच्या ताम्बोरिल गावात सिगारचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यातल्याच एकात तो सिगारींना कागदी अंगठ्या घालायचं काम करायचा. पण दिवसभर मुक्या सिगारींची लग्नं लावणाऱ्या माणसाला घरी आल्यावर काहीतरी पराक्रम करावासा वाटणारच ना!

आणि या वेळचा पराक्रम साधा नव्हता. त्यावर सासूबाईंचं भवितव्य अवलंबून होतं.

सासूबाई म्हणजे दोन्या कासिल्दा, दोन्या म्हणजे आमच्याकडचं 'बाईसाहेब'. सत्तरी ओलांडलेली, पण रस्त्याने निघाली की डोमिनो खेळणारे म्हातारे हातातले ठोकळे विसरायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून दर रविवारी पाच वाजता तिला पुएर्तो प्लाताहून एक फोन यायचा. सेन्योर फेर्मिन! तिच्या नवऱ्याचा जुना मित्र, विधुर, सभ्य, आणि इतका लाजाळू की फोनवर बोलतानासुद्धा टोपी काढून ठेवायचा. वर्षभर दोघं पाऊस, गुडघे आणि कॉफी यांच्यावर बोलत आले होते. मागच्या रविवारी मात्र फेर्मिनने घसा साफ केला आणि म्हणाला, "कासिल्दा, किती दिवस विचारीन विचारीन म्हणतोय, धीर होत नव्हता. आज विचारतोच. तुम्ही मला..."

आणि फोन बंद!

पडद्यावर त्रेचाळीस टक्के दिसत होते. त्रेचाळीस! पुन्हा चार्ज करून लावला, तर पलीकडून कोणी उचलेना. लाजाळू माणूस तो. बाईने तोंडावर फोन आपटला असं समजून बसला असणार. तेव्हापासून सासूबाई जेवताना घास हातात धरून मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही मला... काय असेल गं पुढे?"

"पुढे काय असणार, आई! तेच!" युदेल्का म्हणायची आणि मायलेकी दोघी लाजायच्या.

तुम्हीच पुन्हा फोन का करत नाही, असं नेरेओने एकदा विचारलं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो प्रश्न सालामीबरोबर गिळून टाकला.

"बॅटरी खराब नाहीये, सासूबाई," नेरेओने त्या दिवशी समजावलं. "तिचा हिशेब चुकलाय. आपला तळ कुठे आणि काठ कुठे, हेच तिच्या ध्यानात राहिलेलं नाही. म्हणून वाट्टेल तो आकडा सांगते. आपण काय करायचं, तिला एकदा पूर्ण मरू द्यायचं. मग फोन बंदच ठेवून एका दमात शंभरापर्यंत भरायचं. मध्ये हात लावायचा नाही! झाला हिशेब सरळ. याला कॅलिब्रेशन म्हणतात."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मला शब्द नको. पाच वाजता फोन लागला पाहिजे."

शनिवारी सकाळी नेरेओ कामाला लागला. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. टॉर्च लावला. नकाशा उघडून ठेवला. वर मोठ्या आवाजात बचाता, म्हणजे आमच्याकडचं प्रेमभंगाचं गाणं, लावला आणि मागच्या अंगणात आंब्याखाली कपडे धुवायच्या पत्र्याच्या टबात फोन ठेवून दिला, म्हणजे आवाजही घुमेल आणि ऊनही लागणार नाही.

बॅटरी धडाधड उतरली. शंभरावरून साठ, साठावरून एकदम अकरा, अकरावरून एक.

"बघ! दुपारच्या आत खलास!" नेरेओने युदेल्काला ओरडून सांगितलं.

आणि मग ती एकावर जी बसली, ती बसलीच! दुपार झाली, एक टक्का. संध्याकाळ झाली, एक टक्का. फोन तापून इस्त्रीसारखा झाला, गायक प्रेमभंगाने रडून रडून बेजार झाला, पण एकाचा शून्य होईना. जी बॅटरी जगायला हवी होती तेव्हा त्रेचाळीसवर प्राण सोडत होती, ती मरायला हवी तेव्हा एका टक्क्यावर संसार थाटून बसली!

रविवारी सकाळी नेरेओ उठला तो थेट अंगणात. बचाता चालूच! टॉर्च चालूच! त्याने कपाळावर हात मारला. आता ती लवकर मेली नाही, तर पाचपर्यंत भरणार कशी? आणि भरली नाही, तर फेर्मिनचा फोन येणार कुठे?

युदेल्का चर्चला आणि तिथून बाजारात निघाली होती. नेरेओ अंगणातूनच ओरडला, "युदेल्का! म्हातारी अजून जिवंत आहे गं!"

"मरेल, मरेल! धीर धर!" युदेल्का दारातून म्हणाली आणि गेली.

पलीकडच्या अंगणात चेंचा कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातली उशीची खोळ चिखलात पडली.

चेंचा म्हणजे मनाने लोणी, पण कानाने अख्खी गल्ली. कोणाच्या घरी काही झालं की सर्वांत आधी चेंचाचे डोळे भरून यायचे आणि सर्वांत आधी चेंचाचा फोन तापायचा. ती पत्र्याच्या कुंपणापाशी आली. टाचा उंचावल्या तेव्हा तिला नेरेओचं फक्त डोकं दिसलं.

"नेरेओ! कोण रे? म्हातारी?"

"मग दुसरं कोण!" नेरेओ टबावर वाकून म्हणाला. कालपासून जगात त्याच्यासाठी दुसरी कोणी उरलीच नव्हती. "कालपासून एक टक्क्यावर लटकलीय. वर जात नाही, खाली जात नाही."

"एकच टक्का! अरे देवा! कोणाला दाखवलंस का?"

"दाखवून काय उपयोग? म्हणतील, जुनी झाली, नवी आणा. आता या वयाची नवी मिळते का कुठे?"

चेंचाने पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला. "आणि काही... देताय का तिला? काही थोडं?"

"अजिबात नाही! कालपासून थेंब दिलेला नाही. तारच काढून ठेवलीय. थोडं थोडं देत बसलं ना चेंचाताई, की हिला सवय लागते आणि मग ही आणखीच फसवते."

"अरे, माणूस आहेस की कोण! निदान ते गाणं तरी बंद कर!"

"गाणं बंद केलं तर आणखी जगेल ना!" नेरेओ कळवळून म्हणाला. "आधीच उशीर होतोय. मला ती लवकर मरायला हवीय. मग थोडी थंड होऊ द्यायची, की लगेच तार जोडायची. पाच वाजता बघा कशी टुणटुणीत बोलते ते!"

चेंचाने छातीवर क्रूसाची खूण केली. रविवार होता. थंड होऊन पुन्हा बोलणारं माणूस तिने फक्त चर्चच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलं होतं.

तरीपण चेंचा न्यायाची बाई. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिचं तत्त्व. ती वळसा घालून घराच्या कडेच्या खिडकीपाशी गेली आणि फटीतून आत डोकावली.

आत पलंगावर दोन्या कासिल्दा उताणी पडली होती. तोंड पांढरंफटक. डोळ्यांवर काहीतरी गोल गोल ठेवलेलं. दोन्ही हात छातीवर. हालचाल नाही.

आता पाच वाजता फोन येणार म्हटल्यावर सासूबाईंनी चेहऱ्याला दही आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप लावला होता, डोळ्यांवर काकडी ठेवली होती, केस रोलरात गुंडाळून वर जाळी बांधली होती, आणि नखांचा रंग वाळावा म्हणून हात छातीवर ठेवून त्या जरा पडल्या, तो त्यांचा डोळाच लागला होता. फोनवर दिसणार काय, असं कोणी विचारू नये. विचारणाऱ्याला त्या वयाची बाई कळलेली नाही!

चेंचा खिडकीपासून निघाली ती हुंदके देतच. तिने कोपऱ्यावरच्या दुकानात सांगितलं. दुकानाने गल्लीला सांगितलं. सामाना गावी राहणाऱ्या कासिल्दाच्या भाच्यांना चेंचानेच कळवलं. आणि पुएर्तो प्लाताला सेन्योर फेर्मिनच्याच गल्लीत चेंचाची बहीण राहायची, तिला फोन करून ती इतकी रडली, की बहिणीला कासिल्दाचं नाव आणि शेवटचं वाक्य तेवढं कळलं: "एकच टक्का उरलाय गं, पाचपर्यंत सगळं संपेल!"

आमच्याकडे दुःखाच्या कामाला उशीर होत नाही. बघता बघता घरासमोर ताडपत्री बांधली गेली. दुकानातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. कोणी आल्याच्या चहाचं पातेलं आणलं, कोणी बिस्किटं आणि चीज, कोणी कॉफी. काळे कपडे घातलेल्या बायका आल्या आणि चेंचाने हलक्या आवाजात जपमाळ सुरू केली. प्रत्येक प्रार्थनेच्या मध्ये मागच्या अंगणातून बचाता ऐकू येई: मला सोडून कुठे गेलीस, निर्दये!

"जावई वेडा झालाय दुःखाने," एक जण म्हणाला.

"दुःखाने कसला! उपाशी ठेवलंय त्याने तिला. मी कानांनी ऐकलं," चेंचा म्हणाली. "पण आता बोलायची वेळ नाही. चहा घ्या."

इतक्यात बाजारातून युदेल्का आली. एका हातात केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात कोंबडी. समोर ताडपत्री, खुर्च्या, काळे कपडे, आल्याचा वास. ती जागच्या जागी थिजली.

"काय झालं? कोणाचं काय झालं?"

चेंचा उठली आणि तिने युदेल्काला केळ्यांसकट, कोंबडीसकट मिठी मारली. "धीर धर, पोरी. वय झालं होतं."

"कोणाचं?"

चेंचाला उत्तर द्यावंच लागलं नाही. मागचा बचाता अचानक थांबला. आणि मग घराच्या मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत उड्या मारत, दोन्ही हात वर करून, नाचत नाचत नेरेओ बाहेर आला.

"मेली! मेली! युदेल्का, शेवटी मेली गं एकदाची!"

युदेल्काने किंकाळी फोडली. कोंबडी सुटली. दोन बायका एकमेकींच्या अंगावर बेशुद्ध पडल्या, आणि दुकानदार, जो एरवी माशीलासुद्धा बाजूला व्हा म्हणायचा, तो बाह्या वर सारून नेरेओच्या अंगावर धावला. नेरेओ हवेत हात तसेच ठेवून उभा. इतके लोक आपल्या बॅटरीसाठी जमले, याचं त्याला आधी कौतुकच वाटलं होतं!

"कोण मेलं?" आतून आवाज आला.

दारात दोन्या कासिल्दा उभी होती. पांढरा चेहरा, एका डोळ्यावर काकडी, डोक्यावर रोलर, अंगात पायघोळ झगा.

बेशुद्ध पडलेल्या दोघी सर्वांत आधी पळाल्या. खुर्च्या उडाल्या, बिस्किटं उडाली, कोणीतरी ताडपत्रीचा खांब धरला आणि ताडपत्री सगळ्यांच्या डोक्यावर आली. तिच्या पोटात मंडळी मांजरांच्या पोत्यासारखी वळवळायला लागली. चेंचा मात्र पळाली नाही. ती गुडघ्यावर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "दोन्या कासिल्दा, जायचंच असेल तर शांतपणे जा. तुमची कढई माझ्याकडे आहे, मी उद्याच आणून देते!"

"आजच दे," दोन्या कासिल्दा म्हणाली. "आणि माझ्या अंगणात हा काय तमाशा आहे, ते मला कोणी सांगेल का?"

नेरेओने फोन वर धरला. काळाकुट्ट पडदा. "बॅटरी, सासूबाई," तो एवढंच म्हणाला.

कळायला जरा वेळ लागला. मग सर्वांत आधी युदेल्का हसली. रडता रडता, आईला घट्ट धरून, तिच्या तोंडावरचं दही स्वतःच्या गालाला फासून घेत हसली. मग ताडपत्रीच्या आतून हसू आलं. नेरेओ तेवढा हसत नव्हता, कारण त्याला एक टक्क्याची नाही, पाच वाजताची काळजी होती. त्याने धावत जाऊन चार्जर लावला. आणि वीज गेली.

आमच्याकडे वीज जाते त्याचं कोणाला विशेष वाटत नाही. पण त्या दिवशी दोन्या कासिल्दा खुर्चीवर बसली आणि तिचे खांदे उतरले. "गेला," ती हळूच म्हणाली. "आज फोन लागला नाही तर तो माणूस परत कधी करणार नाही. मला ठाऊक आहे त्याला."

नेरेओला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की पंखा, मिक्सर आणि फोन यांना आपला हातच लागला नसता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक मोटारसायकल कचकन येऊन थांबली. मागे काळा कोट घातलेला एक उंच म्हातारा, धुळीने माखलेला, गळ्यात भलंमोठं पुष्पचक्र अडकवलेला. दोन्ही हात मोटारसायकल धरायला लागत होते म्हणून त्याने ते गळ्यात घातलं होतं. वरच्या फितीवर सोनेरी अक्षरं: "कासिल्दास, अखेरचा निरोप".

त्याने टोपी काढली. समोर पाहिलं. दोन्या कासिल्दाने त्याच्याकडे पाहिलं.

"फेर्मिन!" असं म्हणून ती ताडकन उठली आणि दार आपटून आत पळाली.

सेन्योर फेर्मिन खांबाला धरून खाली बसला. त्याला आल्याचा चहा पाजला, सगळी हकीकत तीनतीनदा सांगितली. तोवर दोन्या कासिल्दा बाहेर आली. निळा पोशाख, पावडर, मोकळे कुरळे केस. गल्लीने उलट्या पडलेल्या खुर्च्या सरळ केल्या आणि मंडळी पुन्हा बसली, आता तोंडं आतल्या बाजूला करून. बिस्किटं फिरली. इतकी पुढची जागा कोणाला कोणत्याच खेळात मिळाली नव्हती.

"मागच्या रविवारी," दोन्या कासिल्दा म्हणाली, "तुम्ही काहीतरी विचारत होतात."

फेर्मिनचे कान लाल झाले. "इथे? एवढ्या लोकांत?"

"आम्ही ऐकत नाही!" चेंचा पुढे सरकून म्हणाली.

फेर्मिनने पुष्पचक्र मांडीवर घेतलं, त्यातलं एक फूल कुस्करलं. "कासिल्दा... मला धीरच होत नव्हता. तुम्ही मला..."

युदेल्काने नेरेओचा दंड इतका घट्ट धरला की त्याचा हात बधिर झाला.

"...तुम्ही मला तुमच्या नवऱ्याचा तो हस्तिदंती डोमिनोचा डबा विकाल का?"

एक बिस्किट कोणाच्या तरी तोंडात अर्धवट राहिलं. दोन्या कासिल्दाचा चेहरा पावडरीखाली आधी पांढरा झाला, मग गुलाबी, मग असा लाल, की नेरेओ दोन पावलं मागे सरकला.

"वर्षभर," ती म्हणाली, "वर्षभर दर रविवारी फोन केलात, तो डोमिनोसाठी?"

"नाही, नाही! डोमिनो म्हणजे... काहीतरी निमित्त... डबा न्यायला म्हणून मला इथे येता आलं असतं..." फेर्मिन पुष्पचक्राच्या मागे लपू लागला.

दोन्या कासिल्दाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "डबा विकायचा नाही. खेळायचा असेल तर इथे येऊन खेळावं लागेल. रोज."

"रोज? पुएर्तो प्लाताहून रोज कसं जमेल मला?"

"मग परत जाताच कशाला?"

फेर्मिनला कळायला थोडा वेळ लागला. गल्लीला मात्र लगेच कळलं. असा टाळ्यांचा, शिट्ट्यांचा, भांड्यांचा दणदणाट झाला, की बेपत्ता झालेली कोंबडी आंब्यावरून खाली पडली. चेंचाने पुष्पचक्रावरची फीत उलटी केली आणि ते दोघांच्या गळ्यात घातलं. आल्याच्या चहात कोणीतरी रम ओतली. संध्याकाळ होईतो अंगणात नाच चालू होता आणि बचाता आता माणसं गात होती.

वीज आल्यावर नेरेओने एकट्याने फोन चार्जरला लावला. सोमवारी सकाळी तो शंभर झाला, मग नव्व्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव. एकेक पायरी, अगदी शहाण्यासारखा! नेरेओ फोन घेऊन घरभर फिरला. "बघा, सासूबाई! शब्द दिला होता! आता हा आकडा देवासमोरसुद्धा खोटा ठरणार नाही!"

"छान," सासूबाई म्हणाल्या. त्या आणि फेर्मिन डोमिनो मांडून बसले होते. "जरा बाजूला व्हा, जावईबापू, उजेड अडतोय."

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि सामाना गावाहून कासिल्दाचे भाचे उतरले. सहा जण, सहाही काळ्या कपड्यांत, आणि नारळांची दोन पोती. थोरला तानो दबक्या पावलांनी आला आणि त्याने नेरेओला मिठी मारली.

"झालं का सगळं?" त्याने कानात विचारलं.

"झालं," नेरेओ म्हणाला. "काल संध्याकाळीच."

"चर्चला कधी न्यायचं?"

"पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात! अरे, तोवर घरात ठेवणार?"

"मग कुठे ठेवणार? चांगली बसलीय ती डोमिनो खेळत."

तानोने आत डोकावलं. आत त्याची मावशी ठोकळा टेबलावर आपटून फेर्मिनला हरवत होती. तानो नारळाच्या पोत्यावर बसला. त्याच्या नजरेत असा काही राग होता, जणू नेरेओने कबूल केलेला माल दिलाच नव्हता.

"म्हणजे मेली नाही?"

"नाही."

"तीन गाड्या बदलून आलो आम्ही!"

"चुकलं," नेरेओ म्हणाला. "चर्चला न्यायचंय ते तिच्या लग्नासाठी."

तानोने भावांकडे पाहिलं. भावांनी तानोकडे पाहिलं. मग सहाही जणांनी एकदम बूट काढले.

"बरं, आलोच आहोत तर आता लग्न उरकूनच जातो," तानो म्हणाला आणि खिशातून फोन काढला. मागोमाग बाकीच्या पाचांनीही काढले. "चार्जर कुठे लावायचा रे?"